पळणारा परीक्षक

३ सप्टेंबर, बुधवार

आज अनुप घरी आला आणि मी फसलो.

अनुप म्हणजे आमच्या पिपरी मेघेच्या दुर्गोत्सव मंडळाचा अध्यक्ष. वय तिशीचं, चालणं आमदाराचं. चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "बंडूजी, यंदा ऑर्केस्ट्रा कॅन्सल. रॉक बँडची स्पर्धा ठेवून राह्यलो. जिल्ह्यातले पोट्टे येतीन. गाण्याले परीक्षक भेटला, गिटारले भेटला. ड्रमवाल्याचं बक्षीस वेगळं आहे. त्याचे परीक्षक तुम्ही."

"मी काऊन?"

"तुम्ही सारी जिंदगी भजनात खंजिरी वाजवली ना."

आतून वच्छला म्हणाली, "वाजवली, पण..."

मी जोरात खोकलो आणि हो म्हणून बसलो. अनुप गेल्यावर विचार केला. रॉक बँड म्हणजे केस वाढवलेली पोरं आणि पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज, एवढंच मला ठाऊक. शिक्षण सातवी. उभा जन्म जिनिंगमध्ये रेच्यापाशी गेला. ते यंत्र सरकीपासून रुई वेगळी करतं आणि माणसापासून कान. माझा डावा कान जवळपास गेलाच आहे. परीक्षकाला निदान दोन कान असावेत.

जिवाला घोर लागला की लिहून काढावं, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मुलाने दिलेली बियाणे कंपनीची डायरी आज उघडली. या पानावर छापलं आहे : "पिकात पाणी साचू देऊ नये."

५ सप्टेंबर, शुक्रवार

वच्छलेच्या त्या "पण"बद्दल लिहितो. नाहीतर तो मनात तसाच राहील.

मागल्या वर्षी समुद्रपूरला खंजिरी भजनाची स्पर्धा होती. आमच्या भजन मंडळाचे मुख्य गायक प्रभाकरराव. माझे लहानपणापासूनचे दोस्त. खंजिरीवर मी. दोन भजनं झकास झाली. तिसऱ्याला, म्हणे, मी पळालो. म्हणजे वाजवता वाजवता गती वाढवत नेली. माझं म्हणणं, ते हळू गात होते. प्रभाकररावांना ओळीच्या मध्ये श्वास पुरला नाही, ठसका लागला, आणि देवाचं नाव अर्धंच राहिलं. परीक्षक तोंडावर रुमाल धरून हसला. परतीच्या बसमध्ये प्रभाकरराव खिडकीबाहेर बघत बसले. वर्ध्याला उतरल्यावर म्हणाले, "बंडू, थोडे दिवस आराम कर."

तेव्हापासून आराम चालू आहे. खंजिरी निकेशकडे गेली. निकेश मोबाइल दुरुस्त करतो. लोकांना मी गुडघा दुखतो म्हणून सांगतो. खंजिरीला गुडघा कशाला लागतो, असं अजून कुणी विचारलं नाही. लोक चांगले आहेत.

मनातलं लिहूनच टाकतो. ही परीक्षकी नीट पार पडली, तर माझ्या तालाबद्दल चार लोक बरं बोलतील. ते प्रभाकररावांच्या कानावर जाईल आणि ते म्हणतील, "बंडू, गुरुवारी येजो." दुसरं काही नको. गुरुवारी संध्याकाळी भजनाचा आवाज येतो तेव्हा मी टीव्ही मोठा करतो. वच्छला माझ्याकडे बघते आणि टीव्ही बारीक करते.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोठा ड्रमवाला कशाने ठरतो, हे चारचौघांना विचारलं. मुलगा म्हणाला, "स्पीड." केस कापणारा म्हणाला, "दणका." वच्छला म्हणाली, "मले काय विचारता? पोळ्या थापाच्या आहेत."

शेवटी भजन स्पर्धेच्या गुणांचीच पद्धत घेतली. माहीत असलेली वाट बरी. ताल, शिस्त, गणवेश, वेळेचं बंधन आणि वादकाच्या चेहऱ्यावरचा भाव. गणवेशाला दहा गुण. आमच्याकडे पांढरा सदरा आणि भगवी टोपी असते. यांच्यात काय असतं देव जाणे, पण सारखं असलं पाहिजे.

१३ सप्टेंबर, शनिवार

अनुपने वादकांची नावं आणून दिली. एक पवनारचा, एक समुद्रपूरचा दुर्गेश, आणि इथल्याच "पऱ्हाटी" नावाच्या बँडची रीता. (बँडला नाव कपाशीचं!)

रीता म्हणजे प्रभाकररावांची नात!

तिला बक्षीस दिलं तर लोक म्हणतील, बंडूजी भजन मंडळात परत घुसायला लोणी लावतो. नाही दिलं तर म्हणतील, सूड घेतला. अर्धं दिलं तर म्हणतील, भित्रा आहे. हे शेवटचं खरं ठरेल.

राजीनामा द्यायला सकाळीच अनुपकडे गेलो. इतका सकाळी की अनुप दात घासत होता. तोंडातल्या फेसासकट म्हणाला, "पत्रिका छापून आल्या, बंडूजी. पाहा ना, तुमच्या नावामागं 'तालमहर्षी' टाकलं."

पत्रिका पाहिली. अक्षर ठसठशीत आहे. राजीनामा खिशातच राहिला. एक पत्रिका मागून घेतली आणि देवघरात ठेवली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुर्गेशची तालीम पाहायला समुद्रपूरला गेलो. वच्छलेची बहीण तिथेच राहते, म्हणून तीही आली. बस साडेदहाची होती, मी नऊलाच स्टँडवर नेऊन बसवलं. तिने फार ऐकवलं.

दुर्गेश काय वाजवतो! दोन्ही पायांनी मोठा ढोल, हातात दोन काड्या, एक काडी हवेत उडवतो आणि न बघता झेलतो. मध्येच असा गडगडाट की बाजूच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सगळ्यांचे काळे टीशर्ट, त्यावर एकच कवटी. गणवेशाचे दहापैकी दहा. माझं रक्त सळसळलं. गाणाऱ्या पोराच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तो सारखा मागे वळून दुर्गेशकडे बघत होता. कौतुकाने बघत असणार.

परत येताना वच्छला मागून ओरडली, "अवो, हळू चाला ना! मी कुठल्या कुठं राह्यली."

लग्न झाल्यापासून ती हेच म्हणते. माझं म्हणणं, ती हळू चालते.

२० सप्टेंबर, शनिवार

"पऱ्हाटी"ची तालीम. आमच्याच वस्तीत एका रिकाम्या दुकानात शटर अर्धं ओढून करतात. वच्छला म्हणाली, मीही येते, पोरीला लहानपणापासून पाहिलं आहे.

निराशा झाली. गणवेश नाही. गिटारवाला तर हाफपँटवर. आणि रीता? पाऊण तास मी डोळे फाडून पाहिलं, मुलीने काहीही केलं नाही. नुसतं थड, थडक, थड, थडक. काडी उडवली नाही, चेहऱ्यावर भाव नाही. गिटारवाला मध्येच जोशात येऊन पुढे धावला. ही जागची हलली नाही. शेवटी तोच बिचारा परत आला. गाणारा एक ओळ विसरला, तर ही तेवढंच गोल फिरवत राहिली, त्याला आठवेपर्यंत. मी लिहून घेतलं : "उत्साह कमी."

चहा आला तेव्हा मी समजावलं, "बाई, मधे मधे काही टाकत जा ना. तोडे-बिडे."

"टाकतो ना आम्ही, बंडू आबाजी. गाणारा श्वास घेते ना, तिथं. बाकी टायमाले त्याले गाऊ देतो."

टाळाटाळ. विचारलं, "शिकली कुठं?"

"थोडं मोबाइलवर पाहून. अन् लहानपणी भजनात मी तुमच्याच मांडीपाशी बसत होती ना. तुमचे हात पाहत होती."

मला बरं वाटलं. म्हटलं, "म्हणजे माह्याकडून शिकली म्हण ना."

"हव. कुठं पळाचं नाई, ते सारं तुमच्याकडूनच."

सगळा बँड हसला. वच्छला सगळ्यात जोरात. पोरगी आजोबांवर गेली आहे. शिस्तीचे दोन गुण तिथेच कापले.

तब्येतीची एक नोंद. घरी येताना वच्छला एकदम म्हणाली, "आज तुम्ही माह्या बरोबरीनं चालून राह्यले. बरं आहे ना तुमचं?" पाहतो तर खरंच बाजूला होती. मी घाबरलो. वाटेत मेडिकलमध्ये बीपी तपासून घेतलं. नॉर्मल निघालं. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी नॉर्मल का यावं? उद्या डॉक्टरांना दाखवतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

भाजी बाजारात प्रभाकरराव समोर आले. दोघांच्या हातात वांगी, त्यामुळे पळता येईना.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"हं." दोन वांगी परत टाकली, दुसरी घेतली. "रविवारच्या स्पर्धेत माही नात आहे म्हणून कमी-जास्त नको करजो."

आणि गेले. घरी आल्यापासून मी विचार करतो आहे, त्यांना "कमी नको" म्हणायचं होतं की "जास्त नको". वच्छला म्हणाली, "दोन्ही." इतकं सोपं असतं तर प्रभाकरराव बोललेच कशाला असते? वांगी किडकी निघाली.

२९ सप्टेंबर, सोमवार

स्पर्धा काल झाली. हात अजून लाल आहेत. कारण लिहितो.

मैदान भरलं होतं. देवीच्या मंडपाला लागून स्टेज, समोर परीक्षकांचं टेबल. मी उजवा कान स्टेजकडे करून तिरपा बसलो. शेजारच्या परीक्षकाला वाटलं, मी त्याच्यावर रुसलो आहे. अनुपने माझ्यासमोर माईक ठेवला होता, "तालमहर्षींनी दोन शब्द बोलावे" म्हणून. तो चालूच होता, हे मला कुणी सांगितलं नाही.

पवनारची पोरं वाजवून गेली, ठीक होती. मग दुर्गेश आला. पहिल्या गडगडाटालाच माझ्या अंगात आलं आणि मी टाळ्या धरल्या. आमच्याकडे भजनाला बसलेला माणूस टाळी धरतोच, हात मांडीवर ठेवून ऐकायला तो काय दवाखान्यात बसला आहे? माझी टाळी माईकमधून साऱ्या मैदानात गेली. लोकांनी उचलली. मी चढवली, लोकांनी चढवली. दुर्गेशने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, हसला आणि आमच्यामागे सुटला. काय तो वेग! शब्द गाणाऱ्याच्या तोंडात मावेनात, त्याने शेवटचं कडवं सोडूनच दिलं. गिटारवाला हात वर करून उभा राहिला. गाणं दाणकन संपलं, दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी तालाचे पैकीच्या पैकी लिहिले. पण दुर्गेशच्या बँडची पोरं एकमेकांकडे बघत नव्हती. उतरताना गाणारा त्याला काहीतरी बोलला आणि दुर्गेशने काड्या पिशवीत कोंबल्या. ते पाहून मला समुद्रपूरची बस आठवली. का आठवली, कोण जाणे.

शेवटी "पऱ्हाटी". तेच थड, थडक. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे, हिला मदत करू. पुन्हा टाळी धरली. मैदानाने धरली. मी चढवली.

रीता आली नाही.

मी आणखी चढवली. साऱ्या मैदानाची टाळी एकीकडे आणि पोरीचा ठोका दुसरीकडे. तिने आवाज मोठा केला नाही, काडी उडवली नाही. मान उचलून एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि तोच ठोका जरा भारी पाडला. एवढंच. मला राग आला. परीक्षक टाळी देतो आहे, महर्षी आहे, आणि ही पोट्टी ऐकत नाही! पण माझेच हात चुकायला लागले. टाळी पडे तिथे ठोका नसे. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटावं, तसं सारखं होत होतं. मग कधी कोण जाणे माझे हात मागे आले, आणि माझ्यामागे अख्खं मैदान आलं. गाणारा इतका वेळ थांबला होता. त्याने श्वास घेतला, तिने तिथे दोन ठोके टाकले, आणि तो असा गायला की एक एक शब्द माझ्या डाव्या कानालाही कळला.

पळता पळता कुणी मागून सदरा धरून थांबवावं, तसं वाटलं. राग यायला हवा होता. उलट बसून पाणी प्यावंसं वाटलं.

कागदावर बेरीज केली तर दुर्गेश पुढे होता. गणवेशाने त्याला तारलं होतं. अनुप कानाशी आला, "बोला महर्षी, कोणाले द्याचं?"

मी माईक ओढला. बोलायचं काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, "रीताले."

मैदानात कुजबूज झाली. दुर्गेश खालून ओरडला, "आबा, चढवलं तर तुम्हीच ना! आम्ही तुमच्या टाळीवर गेलो!"

"हव बाप्पा, मीच चढवलं. अन् तू माह्या मागं आला. तू अगदी माह्यासारखा वाजवते. म्हणूनच तर तुले देता येत नाई."

लोक खो खो हसले. मी विनोद केला नव्हता.

१ ऑक्टोबर, बुधवार

दूध आणायला गेलो तर दूधवाला म्हणाला, "झालं ना मग काम? या गुरुवारपासून खंजिरी तुमचीच." पीठगिरणीत दोघांनी मला पाहून विषय बदलला. केस कापणाऱ्याने तोंडावरच विचारलं. मला गुडघा खरोखर दुखू लागला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आज सोनं द्यायला प्रभाकरराव घरी आले. दसऱ्याला भांडण बाजूला ठेवून आपट्याची पानं द्यायला जावंच लागतं, हा नियम कुणी केला त्याला नमस्कार. मी इतका गडबडलो की त्यांनी दिलेलं सोनं परत त्यांनाच दिलं.

बसल्या बसल्या म्हणाले, "अबे, तू माह्या नातीले बक्षीस काऊन देलं?"

"चांगली वाजवली ती."

"ते काय मले समजत नाई? चांगलीच वाजवली. पण तुले द्याची काय घाई होती?"

"मग कोणाले देतो?"

"कोणालेही देतास! मी आज तुले सांगाले येणार होतो का आजच्या भजनापासून ये म्हणून. तो निकेश तुह्याहून जास्त पळते. दोन भजनात माहा दम निघते. आता कसा बोलावू तुले? लोक म्हणतीन, बंडूनं बक्षीस देलं अन् प्रभाकरनं खंजिरी देली. मले भजनाले बसता येईन का मग?"

मी म्हटलं, "नाई."

"मग?" असं म्हणून ते चिडून उठले. वच्छलेने करंजी दिली, ती खिशात टाकली.

म्हणजे दुर्गेशला बक्षीस दिलं असतं तर मी आज भजनात असतो. आयुष्यात एकदा थांबून, नीट विचार करून काम केलं, त्याचं हे फळ. संध्याकाळी भजन सुरू झालं तेव्हा टीव्ही मोठा करायला गेलो. रिमोट वच्छलेने लपवला होता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रीता पेढे घेऊन आली. मी म्हटलं, पेढे कुणाला दिसू देऊ नकोस, लोक आणखी बोलतील. ती म्हणाली, "आबाजी, तुम्ही भजनाले येऊन नुसते बसा ना. बसाले कोणाची मनाई आहे?"

"बसून काय करू?"

"त्या दिवशी मैदानात केलं तेच. पण शेवटचं तेवढं."

काय म्हणते ते सुधरलं नाही. पेढे चांगले होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज गेलो. तीन गुरुवार भजनाच्या सभागृहाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो होतो, ते लिहिलं नाही. आज वच्छलेने मागून ढकललं.

सगळ्यांच्या मागे, चपलांपाशी बसलो. प्रभाकररावांनी पाहिलं आणि डोळे मिटले. निकेशने खंजिरी धरली. पहिलं भजन बरं झालं. दुसऱ्यात पोरगं सुटलं. प्रभाकररावांचा आवाज वरच्या सुरावर चिरायला लागला, ओळीच्या शेवटी श्वासाला जागा उरेना. बसलेली मंडळी टाळ्या वाजवतच होती, तीही निकेशमागे निघाली. माझे हात आपोआप वर गेले. मला माझे हात ठाऊक आहेत. त्यांचा भरवसा नाही.

मग मी निकेशकडे बघायचं सोडलं आणि प्रभाकररावांच्या छातीकडे बघायला लागलो. जिथे श्वास हवा तिथे थांबलो. टाळी जिथली तिथे ठेवली. कठीण आहे बुवा. सारं सभागृह निघून चाललं आहे आणि आपण एकटेच फलाटावर, असं वाटतं. शेजारचा माणूस चिडून बघायला लागला. मी घामाघूम. पण थोड्या वेळाने त्याचीही टाळी माझ्याबरोबर पडायला लागली, मग त्याच्या पलीकडच्याची, मग बायांच्या बाजूची. पुढे निकेशही आला. माझ्यामुळे आला की त्याचा हात दुखला, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. प्रभाकररावांनी भरपूर श्वास घेतला आणि देवाचं नाव पूर्ण म्हटलं.

भजन न थांबवता, डोळे न उघडता, त्यांनी हार्मोनियमपाशी पडलेला टाळांचा एक जोड मागे सरकवला. सतरंजीवरून हातोहात तो चपलांपर्यंत आला. टाळच होते, खंजिरी नव्हे. टाळ तर कुणालाही देतात. मी काही त्याचा मोठा अर्थ काढत नाही.

पण वाजवले.

घरी येताना रस्त्यावर गार वारा होता. मी चालत होतो. कानात अजून तोच ठोका होता, थड, थडक. थोड्या वेळाने पुढून वच्छलेचा आवाज आला. ती पानटपरीच्या दिव्याखाली शाल गुंडाळून उभी होती.

"अवो, पाय उचला ना जरा! थंडी वाजून राह्यली मले."